ऑपरेटरबाईंचा दुसरा वूफर

आयुष्यात एक वेळ अशी येते, की माणसाला ताठ मानेने जगासमोर उभं राहावं लागतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाईंवर ती वेळ रविवारी सकाळी आली, तेव्हा त्या हॉलमध्ये रांगत होत्या.

दार उघडंच होतं. मुलगा आणि दीर आत आले तर बाईंच्या खुर्चीत स्पीकरचं एक काळं खोकं ऐटीत बसून घुमत होतं आणि बाई भिंतीला कान लावत कोपऱ्याकोपऱ्याने सरकत होत्या.

"आई! पडलीस का?"

"पडले असते तर अशी फिरले असते का? बाजूला हो, मध्ये येतोयस."

"वहिनी, काही हरवलंय का?" दिरांनी विचारलं.

"जागा शोधतेय, भाऊजी. वूफर खुर्चीत बसवायचा आणि आपण रांगायचं. जिथे आवाज सगळ्यात भरदार, तिथे तो ठेवायचा. दुकानदारानेच सांगितलंय."

"एकाने भागत नव्हतं?" मुलाने टीव्हीशेजारच्या जुन्या वूफरकडे बघत विचारलं.

"भागत होतं. दुसरा ऐकेपर्यंत."

दोघं आले होते ते बाईंना हलवायला. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि बाईंनी मुलाकडे मागच्या खोलीत राहायचं, असं बाई सोडून सगळ्यांचं एकमताने ठरलं होतं.

नोकरीभर बाईंनी माणसं ऐकली ती तारेतून, म्हणजे आवाजाचा तळ कापलेली. साहेब असो की हमाल, पोर झालेलं असो की कुणी गेलेलं, सगळं त्याच चिरक्या आवाजात. निवृत्तीनंतर एका मैत्रिणीच्या होम थिएटरवर कुणा नटाने नुसतं "हं" म्हटलं आणि ते बाईंना पोटात ऐकू आलं. "अगं बाई, माणसाला खाली एवढं सगळं असतं?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर हजर.

जागा सापडली बुटांच्या रॅकशेजारी.

"उचला, भाऊजी."

"वहिनी, माझी कंबर..."

"माझी कंबर म्हातारी झाली म्हणून सांगायला आलात ना? मग तुमची तरुण असेल."

ॲम्प्लिफायरला वूफरसाठी एकच भोक होतं. तिथे बाईंनी एकाची दोन टोकं करणारी वायर खुपसली. वीज मात्र प्रत्येक वूफरला वेगळी लागते. दुसऱ्याचा प्लग बेडरूममध्ये लावला, तर तो गाणं नसतानाही गुरगुरू लागला. तिथून काढून पहिल्याच्या शेजारी लावला, तेव्हा निवळला. मग बाई खुर्चीत बसल्या, गाणं लावलं, आणि आवाजाचा तळच गायब झाला.

"इथे दारापाशी मस्त वाजतंय की," दीर म्हणाले.

"मी दारात बसून सिनेमा बघू?"

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला. "बिघडलंय ते. परत पाठवू. आता बॅग भर."

"बिघडलं तर बिघडलेलं ऐकेन. पण इथे बसून ऐकेन."

मुलाच्या स्वभावात एक खोट होती. बिघडलेली वस्तू त्याला बघवत नसे. तो नाइलाजाने वाकला, मग गुडघ्यावर आला, आणि थोड्याच वेळात तोही खुर्चीमागे रांगत होता.

"हा हवा पुढे ढकलतोय तेव्हा तो मागे ओढतोय. दोघं मिळून तुझ्या खुर्चीत एकमेकांना खोडतायत." त्याने दुसऱ्या वूफरच्या मागचं एक बटण उलटं केलं.

लादी थरथरली. खिडकीची काच किणकिणली. खुर्चीसकट बाई आतून घुमल्या.

"वा!" मुलगा म्हणाला.

"अरे, तू कुणाच्या बाजूने आहेस?" दीर म्हणाले.

"तुझ्या मागच्या खोलीत मावतील का रे हे?" बाईंनी विचारलं. "तिसरा गुरुवारी येतोय."

मुलाने आवाज बंद केला. "आई, जिन्यात पडलीस तर?"

ही भीती खरी होती, म्हणून बाईंनी थट्टा केली नाही.

"तर पडेन. तुझ्याकडे काय जिने नाहीत? मी येत नाही. आणि हे मी फोनवर नाही सांगत, समोर बसून सांगतेय. नीट ऐक."

मुलाने गुडघे झटकले. मग सोफ्यावर टेकला.

"लाव."

बाईंनी सिनेमा लावला, पडदे ओढले, आवाज चढवला. दिरांनी खबरदारी म्हणून कान झाकले. तिघं श्वास रोखून बसले.

पहिला पाऊण तास सिनेमात दोन बहिणी स्वयंपाकघरात बसून कुजबुजत होत्या.