बिनवाऱ्याची जागा

सावलीच्या बाजारात इनायतची स्टोव्ह दुरुस्तीची टपरी होती. दिवसभर पिन मारायची, वायसर बदलायचा आणि पंप मारून स्टोव्ह पेटवून दाखवायचा. निळी ज्योत घूंऽऽ करत जळू लागली की गिऱ्हाईक खूश. बावीस वर्षं हा आवाज कानाशी राहिला. मग संध्याकाळी टपरी बंद केली तरी तो कानातून जाईना. जेवताना, नमाजाला उभा राहिल्यावर, उशीवर डोकं टेकल्यावर, कुठंतरी एक स्टोव्ह जळतच असायचा. बायको नूरी म्हणायची, "तुमच्या डोक्यात रॉकेल भरलं हाये." तो हसायचा आणि विसरून जायचा.

पण माणसाला खरी आवड होती ती गोवऱ्यांवरच्या स्वयंपाकाची. धान कापून झालं, धानाच्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवं झालं आणि सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली की इनायतचे पाय घरात ठरत नसत. दर रविवारी लुनाला मडकं बांधायचं, गोवऱ्यांचं पोतं घ्यायचं आणि जंगलात जायचं. रोडगे भाजावेत तर त्यानंच. गव्हाच्या जाड पिठाचे तेल लावून घड्या घातलेले गोळे तो निखाऱ्यात असे पुरायचा की वरून खरपूस आणि आतून पदर न् पदर सुटा. त्यात त्याचं एक कसब होतं. रोडग्याला वारा चालत नाही. वाऱ्यानं निखारा भडकतो, रोडगा बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो. इनायत मूठभर राख सोडून पाहायचा, ओलं बोट हवेत धरायचा आणि अख्ख्या रानातून अशी जागा हुडकून काढायचा की तिथं पानही हलू नये.

या शिकारीतला त्याचा जोडीदार सोमाजी. तीन एकर धानाचा मालक, वांग्याच्या भाजीत हात धरणारं कोणी नाही, आणि जीभ विळ्यासारखी. पण दोन हिवाळे तो आला नव्हता. त्याचं कारण असं. खळ्यावर धान चुरताना त्याला एक मधमाशी चावली होती. एकच. घटकाभरात तोंड सुपाएवढं सुजलं, घसा आवळला, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. लोकांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेला म्हणून वाचला. डॉक्टरांनी बायकोला, कांताला, बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी इथपर्यंत पोचेलच असं नाही. तेव्हापासून सोमाजीच्या खिशात दोन गोळ्या असायच्या आणि कांताच्या डोळ्यात धाक.

त्या पौषात, सन अठ्ठ्याण्णवची गोष्ट, इनायतनं त्याला उठवलंच. "अबे, थंडीत माशा कुठी राहतात? त्यापण गोधडीत शिरून झोपतात."

कांता दारात आली. नवऱ्याच्या अंगावर तिनं स्वतः विणलेला काळा स्वेटर होता, त्याची बटणं लावत ती म्हणाली, "इनायतभाऊ, तुमच्या भरोशावर धाडून राह्यली. सांभाळून आणजा."

"माझ्या जिम्म्यावर, वहिनी," इनायत म्हणाला.

गाव सोडून दोन कोस आत एक नाला होता. लुना वाटेवर ठेवून शेवटचा मैलभर पायी जावं लागलं. नाल्याच्या वळणावर वाटीसारखा खोलगा, खाली कोरडी रेती, बाजूला पाण्याचा डोह, आणि वर एक जुनं अर्जुनाचं झाड. चार माणसांच्या कवेत न मावणारं. इनायतनं राख सोडली. राख सरळ पायावर पडली.

"पाह्य! याले म्हणतात जागा."

"जागा पाहाले आला का पोरगी पाहाले?" सोमाजी म्हणाला. "मांड चूल, उस्ताद. पोटात कावळे वरडून राह्यले."

इनायतनं गोवऱ्या रचून पेटवल्या. बाजूला तीन दगडांवर मडकं चढवून सोमाजीनं वांगी, तेल, लसूण, पाणी आणि मूठभर लाल तिखट टाकलं. रोडग्यांचे गोळे ओल्या पांढऱ्या पंच्याखाली झाकून ठेवले. गोवऱ्यांचा धूर निघाला तो काठीसारखा उभा वर गेला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. इनायतनं कौतुकानं त्याच्याकडं पाहिलं, पण धुराच्या शेंड्यापर्यंत त्याची नजर गेली नाही. बावीस वर्षांत त्यानं जागा पाहिली ती नेहमी खाली वाकूनच.

ऊन डोक्यावर यायला लागलं. कानातला स्टोव्ह चालू होता. आज जरा मोठा वाटत होता खरा. इनायतला वाटलं, शांतता जास्त आहे म्हणून.

तेवढ्यात पिठाच्या परातीत एक माशी येऊन बसली. मोठी, लांबट, पिवळ्या पोटाची. इनायतनं हात उचलला आणि तसाच थांबला. गुळाच्या खड्यावर दुसरी होती.

नाल्याच्या पलीकडं डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी उभी होती. ती पाड्यावरची ठमाबाई. सावलीच्या बाजारात डिंक विकायला यायची, इनायत तिला ओळखत होता. ती ओरडली नाही. तिनं भारा हळूच खाली ठेवला आणि हाताचा पंजा जमिनीकडं दाबला. बसा. मग रेतीवरून पाऊलही न वाजवता ती जवळ आली.

"हलू नोको, बाबू," ती ओठातल्या ओठात बोलली. "वर आग्या मोहोळ हाये. सात पोळे."

इनायतनं नुसते डोळे वर केले. फांद्यांच्या खाली सुपासारखी काळी पोळी लटकत होती आणि त्यांच्या अंगावरून लाटा सरकत होत्या. वाऱ्यानं शेत हलावं तशा. पण वारा तर नव्हताच. त्याचा तो काठीसारखा सरळ धूर नेमका मधल्या पोळ्याच्या पोटाला लागला होता. आणि कानातला स्टोव्ह कानातला नव्हताच.

त्यानं सोमाजीकडं पाहिलं. सोमाजीला सगळं समजलं होतं. त्याचा हात खिशातल्या गोळ्यांवर गेला होता आणि तिथंच थांबला होता. इनायतनं मनातल्या मनात मोजलं: लुनापर्यंत मैलभर, पुढं दीड कोस कच्चा रस्ता, मग डांबरी, मग दवाखाना. घसा आवळायला घटका लागते.

"पळू का?" सोमाजीनं विचारलं.

"पळाल त मराल," ठमाबाई म्हणाली. "बुजल्या हायेत, पण उठल्या नाईत अजून. तुह्या अंगावरचं काळं काढ. काळ्याले अस्वल समजतात. हळू."

इनायतनं डोहातून भरून ठेवलेल्या बादलीकडं हात नेला. म्हातारीनं त्याचं मनगट पकडलं. "पाणी नोको! भस्सकन राख उडन, गरम वाफ वर जाईन, आन् सारं मोहोळ अंगावर येईन. रेती टाक. मुठीमुठीनं."

सोमाजी एकेक बटण काढू लागला. कांतानं पाच बटणं लावली होती. दुसऱ्या बटणाशी त्याची बोटं अडली. इनायतनं रोडग्यांवरचा ओला पंचा अलगद उचलला आणि स्वेटर उतरताच त्याच्या डोक्याखांद्यावरून घातला. पांढऱ्या कापडाखाली सोमाजी गुडघे पोटाशी घेऊन बसला. मयतासारखा दिसत होता. इनायतच्या मनात तो विचार आला आणि त्यानं स्वतःलाच शिवी दिली.

मग त्याला वास आला. करपल्याचा.

मडक्यातलं पाणी आटलं होतं. वांगी बुडाला लागत होती आणि त्यांच्यासोबत ते मूठभर तिखट. तिखटाचा खकाणा वर गेला असता तर कोणाच्या बापाला मोहोळ आवरलं नसतं. इनायतनं सांडशी शोधली. ती पोत्यात होती, पोतं सोमाजीच्या मागं. फडकं म्हणावं तर ते सोमाजीच्या डोक्यावर. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन्ही तळव्यांत मडकं धरलं.

चर्र झालं. टाकून द्यावं असं सारं अंग ओरडत होतं. मडकं आपटलं, फुटलं, तर आवाज. त्यानं दातांत ओठ धरला आणि गुडघे वाकवत वाकवत मडकं रेतीवर ठेवलं. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं. तळव्याची साल मडक्यालाच राहिली.

"शाबास," म्हातारी म्हणाली. "आता विस्तू."

जळक्या हातांनी तो रेती ओंजळीत घेऊन गोवऱ्यांवर सोडू लागला. एक ओंजळ. दुसरी. धूर पातळ झाला. पाचव्या ओंजळीला त्याच्या मनगटावर आग लागल्यासारखं झालं. डंख. पाठोपाठ दुसरा.

"झटकू नोको! डंखाचा वास सुटते, त्या वासानं बाकीच्या येतात. हात राखेत गाड!"

राख निवली नव्हती. इनायतनं डोळे मिटले आणि सोललेला हात मनगटापर्यंत त्या गरम राखेत खुपसला. त्याला काहीच ऐकू येईना. ते घूं घूं तेवढं सगळीकडं भरलं होतं, छातीत, दातांत, जमिनीत. डोळे उघडले तेव्हा सोमाजीच्या पंच्यावर एक माशी चालत होती. कपाळावरून ती कापडाच्या काठाशी आली. काठाखाली सोमाजीचा उघडा कान होता. माशी थांबली. मागचे पाय एकमेकांवर घासले.

सोमाजीनं श्वास रोखला होता. त्याचे डोळे इनायतच्या डोळ्यांत रुतले होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथं राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

"फुकू नोको," ठमाबाई कुजबुजली. "माणसाच्या वाफेनं चिडतात."

माशी कानाच्या पाळीवर उतरली. इनायतला कांताचं तोंड दिसलं, बटणं लावतानाचं. तो अल्लाकडं काही मागणार होता, पण शब्दच आठवेनात. माशीनं पाळीची कड धरून एक फेरी मारली. मग ती उडाली आणि वर, पानांत गेली.

"आता चाला. रांगत. मांजरीसारखे," म्हातारी म्हणाली.

चाळीस पावलांची वाट होती. ती पार करायला किती वेळ लागला ते दोघांनाही पुढं कधी सांगता आलं नाही. वळणापलीकडं वारा लागला तेव्हा इनायतला कळलं की आपण रडतो आहोत. सोमाजीनं पंचा काढला, मान खाली घालून दोनदा ओकला आणि मग म्हणाला, "उस्ताद, रोडगे कच्चेच राह्यले."

ठमाबाईनं कसला तरी पाला चघळून इनायतच्या हातावर थापला. "चूल मांडाच्या आधी वर पाहाचं असते, बाबू," ती म्हणाली. "आमचे लेकरंबी पाह्यतात." आणि आपला भारा आणायला लांबच्या वाटेनं निघून गेली.

लुना सोमाजीनं चालवली. इनायतला हँडल धरता येत नव्हतं.

कांता अंगणात तूर निवडत होती. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग इनायतच्या हातांकडं. "स्वेटर कुठी?"

सोमाजीनं सांगितलं. सगळं सांगितलं. ऐकताना तिनं सूप खाली ठेवलं, घरातून पितळी गंजात थंड पाणी आणलं आणि इनायतचे दोन्ही हात त्यात बुडवले.

"माझ्या जिम्म्यावर म्हटलं होतं मी," इनायत म्हणाला. त्याला वर पाहवेना.

"आणलं तुमी त्याले," कांता म्हणाली. तिनं गंजातलं पाणी ओंजळीनं त्याच्या मनगटांवर सोडलं. "पण भाऊ, आता नेजा नोको."

कबूल म्हणून त्यानं मान हलवली.

हात बरे व्हायला महिना गेला. टपरी उघडली त्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक पितळी स्टोव्ह घेऊन आलं. इनायतनं पिन मारली, पंप मारला, काडी लावली. निळी ज्योत घूंऽऽ करत उभी राहिली. गिऱ्हाईक खूश झालं आणि खिशात हात घालून पैसे काढू लागलं.

इनायत त्याच्याकडं पाहत नव्हता. तो जागच्या जागी ताठ झाला होता, दोन्ही हात छातीशी धरून, आणि मान वर करून टपरीच्या टिनाच्या पत्र्याचा कोपरा न् कोपरा बघत होता.

"काय झालं, इनायतभाऊ?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"हलू नका," तो म्हणाला, आणि चावी फिरवून त्यानं ज्योत हळूहळू, अगदी हळूहळू विझवली.