बद्रीनाथच्या जागेवर

पुंजाराम जालन्याहून सकाळच्या गाडीने परतूरला उतरला आणि तिथून चालत गावी आला, तेव्हा अख्खी गल्ली पारावर त्याची वाट पाहत होती.

"जेलरनं भेटूच दिलं न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "बद्रीनाथ आत, म्या बाहेर. मंग आलो माघारी."

काकासाहेब मास्तरांनी वर उन्हाकडे पाहिले. बद्रीनाथच्या जागेसाठी अर्ज भरायचा आजचा शेवटचा दिवस होता आणि कचेरी बाराला बंद व्हायची.

झाले होते असे. जिनिंगच्या मालकाला कारखान्यासाठी पाणी हवे होते, म्हणून त्याने गावच्या आडाला कुंपण घातले. बद्रीनाथने ते कुंपण मोडले आणि राखणदाराचा हातही मोडला. खटला चालू असतानाच गल्लीने त्याला दुसऱ्यांदा गावकमिटीवर निवडून दिले. मग त्याला वर्षाची सजा झाली. शिक्षा झाली की जागा रिकामी. सात दिवसांत कुणाचा अर्ज आला तर निवडणूक, नाही तर तहसीलदार आपला माणूस बसवणार, असा कायदा. तो माणूस म्हणजे मालकाचा मेहुणा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आडाच्या बाबतीत कमिटीत उरलेली मते चार-चार होती. मेहुणा बसला की आड गेला.

आणि गल्लीतल्या कुणालाच उभे राहता येत नव्हते. निवडणुकीत कुणी फुटू नये म्हणून मास्तरांनीच महादेवाच्या देवळात सगळ्यांना बेलभंडारा उचलायला लावला होता. शपथेचे शब्दही त्यांचेच: 'बद्रीनाथच्या जागेवर आम्ही उभं राहणार नाही, दुसऱ्या कुणाला उभं करणार नाही.' बद्रीनाथ तुरुंगात गेला तर काय, हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. म्हणून त्याच्याकडून गल्लीला शपथेतून मोकळे करून घ्यायला पुंजारामला जालन्याच्या तुरुंगात धाडले होते.

"शपथंतून सोडवलं तर बद्रीनाथनंच सोडवाया पाह्यजे," रखमाजी म्हणाला. "बेलभंडारा मोडला तर पोराबाळांवर येतं."

"आड गेल्यावर पोरंबाळं काय बेल पिणार हायत?" झुंबरबाई कडाडली. "आन् महेमूदनं कुठं उचलला बेलभंडारा? त्याला तर बोलावलंच न्हाई तुम्ही."

मास्तर उठले.

महेमूद पिंजारी दारात कापूस पिंजत बसला होता. त्याने हात थांबवला नाही.

"महेमूदभाई, काम होतं."

"असणारच. मतं मागाया आल्ते, ते आज उगवले मास्तर."

"बद्रीनाथच्या जागेवर उभा राहा. वेळ थोडा हाय."

आता हात थांबला. "त्या दिवशी समदी गल्ली माझ्या दारावरून देवळात गेली. एकानं म्हणलं न्हाई, महेमूद, बाहेर तरी उभा राहा."

"चुकलं."

"कुणाचं?"

"माझं."

महेमूदने अंगावरचा कापूस झटकला. "माझी चाँदबी बी त्याच आडाचं पाणी भरती. राह्यतो उभा. पण बद्रीनाथ सुटून आला म्हणून मी उठणार न्हाई. बराबर?"

"बराबर."

"आन् सुचवणाऱ्याची सही लागते. ती कोण करतो?"

मागोमाग आलेली माणसे पाऊलभर मागे सरली. सही करणे म्हणजे दुसऱ्याला उभे करणे. रखमाजी तर जमिनीकडेच पाहत राहिला. मास्तरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ते महेमूदला घेऊन कचेरीची वाट चालू लागले.

कचेरीत बाराला दहा मिनिटे होती. कारकून मालकाच्या ऊठबशीतला. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"मास्तर, शपथ तुम्हीच घातल्ती म्हणं. आता गाव काय म्हणंल?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढे कालच पाऊल टाकायला लागलेला नातू आला. दिलेला शब्द पाळावा, हे त्यांनी तीस वर्षे पोरांकडून घोकून घेतले होते. त्यांनी टाक दौतीत बुडवला.

"गाव म्हणंल, मास्तर खोटा निघाला," ते म्हणाले. "आन् ते खरंच हाय."

त्यांनी सही केली. कारकुनाने घड्याळ पाहिले, तोंड वाकडे केले आणि शिक्का मारला.

बाहेर पायरीवर रखमाजी उभा होता. मास्तरांनी रामराम घातला. त्याने तोंड फिरवले, आणि बाजूला होऊन महेमूदला वाट दिली.