काकांची पापणी आणि माझी शिट्टी

मी पहारेकरी बोलतोय. काठी-कंदिलाचा नव्हे, गाडीच्या पुढच्या काचेखाली बसून चालकाच्या डोळ्यांकडे टक लावणारा, मुठीएवढा. पापणी खाली आली की शिट्टी फुंकायची आणि "विश्रांती घ्या" म्हणायचं, एवढंच माझं काम. रस्ता मला दिसत नाही, माझी पाठच त्याच्याकडे असते.

माझा जन्म वाहनसुरक्षेच्या एका प्रयोगशाळेत झाला. तिथे गाडीचं फक्त पुढचं अर्धं होतं आणि समोरच्या पडद्यावर रस्ता पळायचा. संस्थेतलेच तरणेताठे कर्मचारी खुर्चीत बसून झोपेचं सोंग घेत आणि त्यावरून मी शिकत असे. सोंगाड्यांकडून झोप शिकलो, यातच सगळं आलं.

मला शिकवणाऱ्या संशोधक बाई एकदा म्हणाल्या, "साहेब, सगळ्यांचे डोळे सारखे नसतात. म्हातारे, चष्मेवाले, अधू पापण्यांचे, असेही लोक बसवू या. हा उगाच ओरडत राहिला तर लोक त्याचं तोंड बंद करतील."

"म्हणून तर बंद करायची कळच ठेवू नका," साहेब म्हणाले. "आणि पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत बघायला. आता कुठे म्हातारे शोधत बसता?"

पाहुणे आले, चहा प्याले, टाळ्या वाजवून गेले. मला संस्थेच्याच कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या गाडीत बसवलं.

ती गाडी काका चालवत. काकांच्या दोन्ही पापण्या जन्मापासून निम्म्यावर उतरलेल्या. पहिल्याच दिवशी गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत मी बोंब ठोकली.

"काका, झोपा हो आता, पहारेकरी एवढा आग्रह करतोय तर!" मागून कुणीतरी म्हणालं.

"अरे बाबा, जागाच आहे मी. माझी आईसुद्धा अशीच फसायची. झोपला म्हणून उठून जायची आणि मी मागोमाग रांगत!"

सगळे हसले. महिन्याभरात मात्र हसू आटलं. वळणावर शिट्टी, सिग्नलला शिट्टी, काका हसले की तर हमखास शिट्टी. शेवटी काकांनी जखमेवर लावायची पट्टी माझ्या डोळ्यावर चिकटवली. "घे, आता तूच विश्रांती घे."

मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मला खिडकीबाहेर फेकलं असतं.

पुढे दुसरा चालक रजेवर गेला आणि त्याच्या फेऱ्याही काकांच्याच गळ्यात पडल्या. एका दुपारी रिकामी गाडी घेऊन परतताना ती हळूहळू डावीकडे कलायला लागली. मला पट्टीआड अंधार. ज्या एका क्षणासाठी मला जन्माला घातलं, त्या क्षणी मी आंधळा होतो. गाडी संस्थेच्याच कुंपणाच्या भिंतीवर आदळली. काकांच्या कपाळावर टेंगूळ, माझा कोपरा फुटला.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली; बाईही होत्या. मी धडधाकट होतो हे दाखवायला पट्टी काढून मला चालू करून टेबलावर ठेवलं, काकांच्या समोर.

"यंत्र मुद्दाम झाकलंत. नोकरीवरून काढण्यावाचून इलाज नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, डुलकी लागली, खोटं नाही बोलत. पण दोघांचं काम एकट्यावर... धाकटी अजून शिकतेय हो."

मी शिट्टी फुंकली. "विश्रांती घ्या."

त्या खोलीत काकांइतकं जागं कुणी नव्हतं. साहेब पुन्हा बोलायला लागले की मी पुन्हा ओरडायचो. साहेबांनी मला उलटंपालटं केलं, कळ शोधली. कळ नव्हती. अखेर वैतागून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि माझ्या डोळ्यावर टाकला.

"साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला दोन मिनिटं सोसवलं नाही. काकांनी महिना काढला."

रुमालाखालून मला कुणाचा चेहरा दिसला नाही. फक्त साहेबांचा आवाज आला, "जा काका. उद्यापासून नेहमीच्याच फेऱ्या करा."

नोकरी वाचली. अहवालात मात्र कारण 'मानवी चूक' असंच लिहिलं. कुठल्या मानवाची, ते लिहायची पद्धत नाही. उपायही निघाला: माझ्या धाकट्या भावंडांचा आवाज दुप्पट केलाय.

मी आता बाईंच्या खणात असतो. बाई अधूनमधून खण उघडतात, तेव्हा एकच मागणं सांगावंसं वाटतं: प्रयोगशाळेतल्या त्या खुर्चीत एकदा काकांना बसवा हो. मला ओरडता येतं. जागा माणूस ओळखायला शिकवा.