दुखत नसलेल्या पायाचं प्लास्टर

तीस वर्षं मी इस्पितळात प्लास्टर घातलं. तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारची खोली माझी. एक उंच टेबल, पाण्याची बादली, पट्ट्यांचं कपाट आणि भिंतीला टांगलेली प्लास्टर कापायची करवत. हाड डॉक्टर बसवायचे, ते हलू न देण्याचं काम माझं. सगळे मला मामा म्हणत, पेशंटही आणि सर्जनही.

एका सकाळी एक टपालवाल्या बाई आल्या. वय अडतीस-चाळीस. पत्रं वाटताना पायरीवरून घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. वेदनेने डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड चालूच. "मामा, रोज पंधरा किलोमीटर चालणारा पाय आहे हा. नीट बांधा, नाहीतर अर्ध्या गावाची पत्रं माझ्याच घरी पडून राहतील."

सोबत नवरा होता. पुस्तकबांधणीचं काम करणारा, शांत, बोटांवर खळीचे डाग. बायकोची पिशवी, चप्पल, कागद, सगळं त्याच्याच हातात. पण मी पट्टी भिजवून गुंडाळायला लागलो तसा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, माणूस हळवा आहे. असे पुष्कळ पाहिलेत. दंडाधिकारी असतो आणि सुई बघून आडवा होतो.

दर आठवड्याला तपासणीला दोघं येत. तो तिला खुर्चीत बसवायचा, पायाखाली उशी द्यायचा, आणि नजर छताला. एकदा बाई मला हळूच म्हणाल्या, "बघितलंत? स्वयंपाक करतो, केस विंचरून देतो, पण पायाकडे बघत नाही. रात्री दुसऱ्या खोलीत झोपतो."

"धक्का लागेल म्हणून असेल," मी म्हणालो.

"धक्का तर मलाच लागलाय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू काही खरं नव्हतं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं. करवत घरघरली, दोन्ही बाजूंनी चीर पाडली, शिंपल्यासारखं उघडलं. मी ते तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "ते... आम्ही घरी नेलं तर चालेल?"

"कशाला? शोकेसमध्ये ठेवणार का?" मी सवयीप्रमाणे विनोद केला.

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "नको, राहू द्या," म्हणत तो झटकन बाहेर गेला. बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. बाईंना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

दहा-बारा दिवसांनी त्या व्यायामाच्या खोलीतून थेट माझ्याकडे आल्या आणि दार लावून घेतलं.

"मामा, तुम्हाला एक विचारते. हसायचं नाही."

"नाही हसणार."

"मला वाटत होतं, याला माझी किळस आली. आणि निघालं बरोबर उलटं! त्याला प्लास्टरचं आकर्षण आहे. म्हणजे... तसलं. नवरा-बायकोतलं. प्लास्टर बघितलं की तो वेडापिसा होतो. आणि मी तिकडे दुखण्याने कण्हत होते, म्हणून त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की खोली बदलली. काल रात्री सगळं सांगितलं. रडत रडत."

मी हसलो नाही. तीस वर्षं त्या पांढऱ्या चिखलात हात घातलेले, पण त्याकडे कुणी असं बघत असेल हे माझ्या गावीही नव्हतं.

"अकरा वर्षं लपवलं माझ्यापासून!" बाई म्हणाल्या. "तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, आणि तीही याच तळपायाची. मामा, हे माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो, की कुठून शिकतो? शिकला असेल तर कुणाकडून, ते मला कळायलाच हवं."

"शिकून येत असतं तर पहिला नंबर माझा लागला असता," मी म्हणालो. "माझ्याइतकं प्लास्टर कुणी बघितलंय? मला तर घरी भिंतीला पोपडा धरला तरी कंटाळा येतो."

या वेळी त्या खऱ्या हसल्या. मग मी म्हणालो, हे माझ्या आवाक्यातलं नाही. वर दुसऱ्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर बसतात, बाई समजूतदार आहेत. दोघं मिळून जा.

दोघं आले. पण दारात घोडं अडलं. नवऱ्याचे पाय उचलेनात. शेवटी तोच म्हणाला, "मामांना आत बसू दे. त्यांना माहीत आहेच. एका माणसाला तरी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही." डॉक्टरीणबाईंनी त्याला दोनदा विचारून खात्री केली आणि मला कोपऱ्यातली खुर्ची दिली.

तो बोलायला लागला. खाली मान, हात मांडीवर. कॉलेजात बावीस वर्षांचा असताना त्याने एक नाटक पाहिलं होतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी नायिकेचा पाय मोडला आणि तिने पायाच्या प्लास्टरसकट अख्खं काम केलं. "टाळ्या थांबेनात. आणि माझी नजर त्या पांढऱ्या पायावरून हलेना. तिथून सुरू झालं, असं मला वाटतं."

"म्हणजे शिकलाच," बाई म्हणाल्या.

"पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर वसतिगृहातल्या माझ्याच खोलीतला मित्र होता. तेच नाटक, तोच पाय. तो खोलीवर येऊन जेवून झोपला. मग मलाच का? आधीपासून आत काही होतं का? तेव्हापासून विसरायचा प्रयत्न केला. पुस्तकं वाचली, व्यायाम केला, थंड पाण्याने आंघोळी केल्या. फक्त सर्दी झाली."

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यांचे डोळे निवळले. त्या म्हणाल्या, "पक्कं उत्तर कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. काहींना एखादा प्रसंग आठवतो, काहींना काहीच आठवत नाही. आठवणारेही कधीकधी मागाहून गोष्ट जुळवतात. स्वभावाचा कल असेल, योगायोग असेल, बहुतेक दोन्ही एकमेकांत कालवलेलं असेल. किती कुठलं, ते वेगळं काढता येत नाही."

मला राहवलं नाही. "मॅडम, मी जन्माचा डावरा. शाळेत मास्तरांनी पट्टीने मारून उजव्या हाताने लिहायला लावलं. आजही लिहितो उजव्याने. पण प्लास्टर गुंडाळायला डावाच हात पुढे होतो, तो मी कधी ठरवून करत नाही. आता यातला खरा मी कुठला, ते मला सांगता येणार नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि बाईंकडे वळल्या. "समजा, तुम्हाला उत्तर मिळालं. मग काय कराल?"

"जन्मजात असेल तर माफ करीन. शिकलेलं असेल तर म्हणेन, विसर."

"माफ कशाबद्दल?"

बाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "लपवल्याबद्दल. सहा आठवडे मी स्वतःला कुरूप समजत पडून होते, त्याबद्दल. बाकी माफ करण्यासारखं यात काही नाहीच, नाही का? कुणाचं काही बिघडवलं नाहीस तू."

"नाही," तो म्हणाला. "फक्त तुला सांगायचं धाडस नव्हतं."

"आता केलंस ना!"

मी तीस वर्षांत मोडलेल्या पायांनी चालणारी माणसं पाहिली आहेत. त्या दिवशी त्या माणसाने जे केलं ते त्याहून अवघड होतं. ज्या गोष्टीची जगात सगळ्यांत जास्त लाज वाटते, ती त्याने बायकोसमोर, एका डॉक्टरसमोर आणि एका प्लास्टरवाल्यासमोर सरळ शब्दांत मांडली. आणि त्या बाईने ती ऐकून घेतली.

पुढे महिनाभर ते वर जात राहिले. मग एक दिवस बाई पुन्हा माझ्या दारात, आता काठीशिवाय. "मामा, आमचं ठरलंय. मला बघायचंय, याला एवढं काय आवडतं ते. दुखत नसलेल्या पायावर प्लास्टर. पट्ट्या मी दुकानातून विकत आणते. तुम्ही फक्त याला नीट घालायला शिकवा. उगाच रक्त अडलं-बिडलं तर पुन्हा तुमच्याच टेबलावर यायची मी."

मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "दोघांच्या मर्जीचं आहे. काळजी घेतली तर हरकत नाही. काही तासच, त्यावर चालायचं नाही आणि घालून झोपायचं नाही."

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. खालच्या मजल्यावर त्याची कार्यशाळा. शिवणीची चौकट, दाबयंत्र, कापडाचे गठ्ठे आणि खळीचा वास. शिकवायचं कशावर? बाईंचा पाय मला नको होता. ती त्यांची खासगी बाब. आम्ही टेबलाच्या पायावर शिकवणी सुरू केली.

"आधी जाळीचा मोजा. मग कापूस, दोन थर, हाडावर जास्त. मग या दोन चपट्या फिती दोन्ही बाजूंना सरकवून ठेव, नंतर कापायला हीच वाट. पट्टी बुडव, बुडबुडे थांबले की उचल, हलकेच पीळ. ओढायची नाही, नुसती लोळवायची."

त्याने पट्टी हातात घेतली आणि मी बघतच राहिलो. आयुष्यभर ओलं कापड, कागद, खळ हाताळलेले हात ते. एक सुरकुती नाही, एक गाठ नाही. तळव्याने असं गुळगुळीत केलं की मला माझे शिकाऊपणाचे दिवस आठवून लाज वाटली. तीन महिन्यांत मी जे शिकलो ते याला अर्ध्या तासात जमलं. प्लास्टर घट्ट व्हायच्या आत त्याने त्या फितींवरून पातं चालवलं, दोन्ही बाजूंनी, आणि ते डबीसारखं अलगद उघडलं.

"अरे, तू इस्पितळात ये!" मी म्हणालो.

"नको रे बाबा," बाई जिन्यावरून ओरडल्या. "तिथे दिवसाला वीस पाय येतात. माझ्या दोनाचं काय?"

तो इतका मोठ्याने हसला की दाबयंत्राखालचे कागद हलले. त्याला हसताना मी प्रथमच पाहत होतो.

मी त्याला शेवटचं सांगितलं, बोटं उघडी ठेवायची, रंग बघत राहायचं, आणि ती म्हणाली काढ, की त्या क्षणी काढायचं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. वही अर्थातच त्याने स्वतः बांधलेली होती.

आठवड्याने बाई पत्रं वाटताना इस्पितळाच्या पायऱ्या चढून आल्या. मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "मला स्वतःला काही खास वाटलं नाही, मामा. गरम झालं, मग जड झालं, मग खाज सुटली. पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना... अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा नवरा पूर्ण हजर होता. अर्धा कुठे तरी लपलेला नव्हता. त्यासाठी खाज चालते."

"आणि जन्मजात का शिकलेलं, ते कळलं?"

"नाही. आणि मला एक कळलंय, मी पण त्याला कधी विचारलं नव्हतं, तुला काय आवडतं म्हणून. आता त्याने मला विचारलंय. मी यादी करतेय. अजून तरी तिच्यात एकच गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगणार नाही." असं म्हणून त्यांनी थैली खांद्यावर चढवली आणि हाडांच्या विभागाची पत्रं माझ्या टेबलावर टाकून भराभरा निघून गेल्या.