उजव्या हाताचा डबा

मुंबईत तीस वर्षं ट्रक चालवून सोमा उमरठच्या बौद्धवाडीत परतला तो लिलावातली एक जुनी जीप घेऊन. चारही चाकांनी ओढणारी. तिच्या पोटाखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन लोखंडी गोळे होते. इंजिनाचा जोर त्या गोळ्यांतल्या दातेरी चाकांमधून टायरांना मिळायचा, आणि ती दातेरी चाकं जाड तेलात बुडालेली लागायची. तेल बिघडलं की दाते झिजणार, आणि दाते गेले की जीपमध्ये कोंबड्याच ठेवायच्या.

त्या पावसाळ्यात जीप ओढ्यात अर्धी बुडाली आणि गोळ्यांत पाणी शिरलं. तेव्हापासून चढावर गाडी अशी कण्हायची की आत बसलेली माणसं वळून मागे बघायची. सोमा म्हणायचा, "करू, करू." तसं करता करता दिवाळी गेली, भात झोडून झालं, शिमगा तोंडावर आला. आता मात्र करायलाच हवं होतं. सोमवारी महाडला डोळ्यांचं शिबिर होतं. आठला नावं घेणार, नऊला बंद. सोमाच्या थोरल्या बहिणीच्या, बयाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गेल्या साली तिला एस.टी.ने नेलं, तर पोचेपर्यंत नावं बंद झालेली. डॉक्टरांनी उभ्या उभ्या डोळे बघून सांगितलं होतं, आणखी एक वर्ष घालवलंत तर मग आमच्या हातात काही राहणार नाही.

गॅरेजवाला म्हणाला, गाडी आठ दिवस ठेवून जा. सोमा म्हणाला, "मग बहिणीला काय तुझ्या खांद्यावर बसवून नेऊ?" आणि सुटं नव्वद नंबरचं ऑईल डालड्याच्या डब्यात भरून घेऊन तो घरी आला.

रविवारी त्याने जीपला रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, कारण तेल गरम झाल्याशिवाय नीट सुटत नाही. मग पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला. बयाबाई ओट्यावर बसली होती. डोळे गेले तरी तिचं तोंड चालू होतं.

"निघाला का रे बोल्ट?"

"निघतोय गो आक्का."

"मगाशी पन निघतच व्हता."

ट्रकवरच्या उस्तादाने शिकवलेलं सोमा विसरला नव्हता. भरायचा वरचा बोल्ट आधी सैल करून बघायचा, मगच खालचा काढायचा. नाहीतर तेल सगळं जमिनीवर आणि वरचा बोल्ट जाम, म्हणजे बसा बोंबलत. वरच्या दोन बोल्टांनी तासभर घाम काढला. पाना दोनदा सटकला, बोटं सोलून निघाली. शेवटी वरचे सुटले, मग खालचे काढले. घमेल्यात पडलं ते तेल कसलं, दूध जास्त झालेला चहाच. आत पितळी चुरा चमकत होता. सोमाने ते दुसऱ्या एका डालड्याच्या डब्यात ओतलं.

हे काढलेलं तेल गावाचं, ही रीत सोमानेच पाडली होती. दाराच्या चौकटीला लावलं की वाळवी येत नाही, खाटेच्या पायांना लावलं की ढेकूण पळतात, बैलगाडीच्या आसाला घातलं की कुरकुर थांबते. त्यामुळे सोमा गाडीखाली शिरला ही बातमी पसरायला वेळ लागत नसे, आणि एरवी ज्यांची पावलं बौद्धवाडीकडे वळत नसत तीही माणसं करवंट्या, बाटल्या घेऊन वळत.

आता नवं तेल भरायचं, तर भोक गोळ्याच्या बाजूला, तिथे नरसाळं टिकेना. घरातली पिचकारी काढली, तर तिच्या आतलं चामडं वाळून तडकलेलं. बायको तुळसा धुणं घेऊन नदीवर गेलेली. सोमा ओट्यासमोर येऊन उभा राहिला.

"आक्का, भिकूकडची पितळी पिचकारी आणतो. लोकं येतील. तुझ्या पुढ्यात दोन डबे ठेवलेत बघ. उजव्या हाताचा डबा लोकांचा. डाव्या हाताच्याला कुणाला हात लावू द्यायचा नाय."

"नाय लावू देत. जा."

भिकूचं घर खालच्या गावात. त्याने सोमाला बघितलं आणि हसला. "शिमग्याला आठ दिस हायत अजून. तुला आताच रंग चढला व्हय?"

"गाडीत तेल भरायचंय. लवकर दे बाबा."

भिकू माळ्यावर चढला. वरून तो एकेक वस्तू विचारायला लागला. "ही चाळण चालंल?"

"चाळणीनं तेल भरू?"

"हा कंदील बघ, तुझ्या बापानं दुरुस्त केलेला."

"भिकू, पिचकारी!"

"सापडंल रे. पिचकारी काय पळून जातेय? चा पिऊन जा."

सोमा ओट्यावर बसून दात आवळत राहिला. एवढ्यात भिकूची बायको आवडी करवंटी घेऊन आली आणि फडकं बुडवून चौकट पुसायला लागली. सोमाने आधी नुसतं बघितलं. मग नीट बघितलं. चौकट मधासारखी चमकत होती.

"वैनी, काय लावताय हे?"

"तुमच्याकडचंच त्याल की. या खेपेला लय चांगलं निघालंय. वास बी कसा उग्र! वाळवी उंबऱ्यापर्यंत याची नाय."

सोमाने तिच्या हातातली करवंटी काढून घेतली, माळ्यावरून खाली येणाऱ्या पिचकारीवर झडप घातली आणि तेल सांडू नये म्हणून पळताही येईना अशा चालीने घर गाठलं. नव्या तेलाच्या डब्यात तळाला बोटभर उरलं होतं. शेजारचा चहाच्या रंगाचा डबा मात्र जसाच्या तसा, वर एक माशी तरंगत होती.

"आक्का! काय करून ठेवलंस गो हे!"

"तू सांगितलंस तेच. उजव्या हाताचा डबा लोकांचा." बयाबाईने उजवा हात लांब केला. बोट बरोबर नव्या तेलाच्या डब्यावर आलं.

सोमा तिच्यासमोर उभा होता. मघाशीही असाच, तिच्याकडे तोंड करून उभा होता. त्याने आपला उजवा हात बघितला, मग तिचा. कुणावर ओरडणार?

महाडहून दुसरं आणावं, तर गाडी कोरडी. शेवटची एस.टी. आता वर येऊन मुक्कामाला राहणार. सकाळच्या एस.टी.ने गेलं तर पुन्हा गेल्या सालासारखंच.

"कोण कोण येऊन गेलं?"

"आवडी. चंद्राबाई. रावजी तर दोनदा आला. दुसऱ्यांदा बोलला नाय, पन खोकला."

सोमा तोच डबा घेऊन दारोदार निघाला. चंद्राबाईने तेलात रॉकेल मिसळून खाटेचे पाय न्हाऊ घातले होते. तिथलं गेलंच. रावजीने एक बाटली काढून दिली.

"दिलेलं परत मागतात व्हय रे?"

"दुसरी बाटली?"

"एकच न्हेली मी."

"आक्का म्हणते दोन."

"तिला दिसत नाय."

"ऐकू येतं."

रावजीने भाताच्या कणगीमागून दुसरी बाटली काढली. अर्धी. बाकीची बैलगाडीच्या आसात गेली होती.

नदीवरून आलेल्या तुळसाने कपाळावर हात मारला. "बोल्ट कंचा आधी काढायचा ते ध्यानात राहतं, आनि उजवा हात कंचा ते नाय?" बोलत बोलतच तिने जुन्या लुगड्याचा पदर फाडून दिला. त्यातून तेल गाळलं, पिचकारीने भरलं. मागचा गोळा काठोकाठ भरून भोकातून थेंब आला. पुढचा दोन बोटं कमी राहिला.

सकाळी फटफटायच्या आत जीप निघाली. सोमाने वेग धरलाच नाही. उतारावर, वळणावर त्याचा सगळा जीव कानात होता. पोलादपूरला हमरस्ता लागला तरी तो तसाच बैलाच्या चालीने.

"सोमा, चालत गेले असते तर पोचले असते रे."

"आक्का, गप बस. आवाज ऐकू दे."

महाडला पोचले तेव्हा नऊला आठ मिनिटं होती. वहीत बयाबाईचं नाव शेवटून तिसरं लागलं. तिला आत नेल्यावर सोमाने आधी ऑईल घेतलं आणि रस्त्याच्या कडेला आडवा होऊन पुढचा गोळा भरला.

आठ दिवसांनी एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन, वर काळा चष्मा लावून बयाबाई घरी आली. जीपमधून उतरल्या उतरल्या म्हणाली, "कुठं हायत ते डबे?"

दोन्ही डबे अजून अंगणातच होते, रिकाम्याच्या तळाला नव्या तेलाचा थर चिकटलेला. ती वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"हे चहावानी. नि हे मधावानी."

"होय."

"मी आंधळी व्हते. तू उलटा उभा. पन आवडी, चंद्रा, रावजी, त्यांना तर धडधडीत दिसत व्हतं ना रे?"

तेवढ्यात रस्त्यावरून रावजीची बैलगाडी आली. आस जराही कुरकुरत नव्हता. बयाबाईने चष्मा नाकावर नीट बसवला आणि हाक मारली, "रावजी, थांब की जरा. तुझं तोंड बघायचंय मला."