कोटाचं तिसरं बटण

बाहेर दुपारचं ऊन मी म्हणत होतं, आणि बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. जाड भिंती, खिडकी एकही नाही, दार लावलं की भर दुपारी अंधार. समोर लाकडी चौकटीत एक भलंमोठं पांढरं कापड ताणलेलं, आणि त्याच्यापुढे चौरंगावर उजेडबाबा. मागे कुठेतरी कारखान्याचा जुना पंखा घरघरत होता.

"घाबरू नका," बाबा माइकवर हळू आवाजात म्हणाला. "गेलेला माणूस कुठे जात नाही. पलीकडच्या खोलीत बसलेला असतो. मी फक्त दार ढकलतो."

माणूस खरोखरच पलीकडच्या खोलीत बसलेला होता, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

बाबाने हात वर केला आणि कापडावर चक्कीवाल्याचा बाप उगवला. बारा वर्षांपूर्वी वारलेला! आठ फुटी चेहरा, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट, गालांवर फिकट रंग. कडेला कुठे चौकट नाही, चेहरा अंधारातूनच वर आलेला. कपाळाभोवती रंगीत वलयं होती, आणि ती सावकाश हलत होती.

"तेजोवलय!" कुणीतरी ओरडलं.

"यांना दम लागायचा," बाबा डोळे मिटून म्हणाला. "बसल्याशिवाय बोलता यायचं नाही. आता लागत नाही, म्हणतायत."

चक्कीवाला हमसून हमसून रडायला लागला. बापाचा दमा या परक्या माणसाला कसा कळला? माझ्याही अंगावर काटा आला.

तरुण डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचे निम्मे पेशंट तिथे बसलेले, म्हणून बघायला आल्या होत्या. चित्र विझलं, दिवे लागले, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "फोटोकाका, हे स्लाइडच्या मशीनचं काम नसेल कशावरून?"

गावात हा प्रश्न विचारायला माझ्याइतका योग्य माणूस नव्हता. चाळीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता, आणि शाळेत, दवाखान्यात, सहकारी बँकेत स्लाइड दाखवायचं काम माझ्याकडेच असे. लोकांनी माझ्याकडे माना वळवल्या. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू?

"छे हो! स्लाइड केवढी असते? दोन बोटांएवढी. तिचा आठ फुटी चेहरा केला तर राईएवढे दाणे दिसतील आणि उजेड पार मरगळेल. शिवाय पुठ्ठ्यातली स्लाइड दिव्याच्या उष्णतेनं फुगते, चित्र एकदा टुणकन उडतं आणि धूसर होतं. मी मघापासून त्याचीच वाट बघत होतो. उडालं नाही. डॉक्टर, तुम्ही इंजेक्शनं द्या. स्लाइडचं मला कळतं."

गोदाम हसलं. डॉक्टरीणबाई लाल झाल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून बाबाच्या बोलण्याची सुरुवातच बदलली: "यंत्रातले जाणकार सांगतात, हे यंत्र नव्हे!" मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, आणि मी तिच्यात बसलो.

तिथे माझ्या शेजारी ताई येऊन बसायला लागली. माझी थोरली बहीण. भाऊजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. ताईला मधुमेह, त्यात तळपायाला जखम झालेली, ती भरत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी रोजचं इन्सुलिन लावून दिलं होतं आणि बजावलं होतं, की सुई चुकली तर पाय जाईल.

बाबाकडे नाव नोंदवावं लागे, आणि गेलेला माणूस आठवड्याने येई. निरोप पोचायला वेळ लागतो म्हणे. तिकडचं टपाल आपल्यापेक्षा वेगवान नाही, हे ऐकून खरं तर मला हसू यायला हवं होतं. ताईने नाव नोंदवलं. आठव्या दिवशी भाऊजी आले.

छातीपर्यंतचे, कोटातले, ओठांच्या कोपऱ्यात ते दाबलेलं हसू. ताईने माझा हात घट्ट धरला. तिची नजर चेहऱ्यावरून खाली गेली, कोटावर थांबली, आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना.

"म्हणतायत," बाबा म्हणाला, "अंगाला सुया टोचून घेऊ नकोस. मी आहे ना. जखम मी भरतो."

तिला सुया लागतात हे बाबाला सांगायला काही दैवी शक्ती लागत नव्हती. नाव नोंदवणारा माणूस सगळ्यांची चौकशी करतच असे, आणि ताई कुणाला काही लपवणारी नाही. पण त्या दुपारी मला हे सुचलं नाही. मी तिला घरी सोडलं. तिने इन्सुलिनची बाटली माझ्यादेखत केराच्या डब्यात टाकली, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार होतो? माझाच दाखला होता.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाई माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"तुमच्या बहिणीचा पाय काळा पडायला लागलाय. मला घरात घेत नाहीत त्या. म्हणतात, माझा भाऊ फोटोतला माणूस आहे, त्यानं तपासलंय. काका, तुम्ही नक्की काय तपासलंत?"

"मी... बसल्या जागेवरून बघितलं."

"पडद्यामागे गेला होतात?"

"नाही."

"बरं," एवढंच म्हणून त्या जिना उतरल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी ताईकडे धावलो. खोलीत जखमेचा वास होता. ताई पाय उशीवर ठेवून पडलेली, मांडीवर शिवणाचा डबा.

"ताई, सुई सुरू कर. माझी चूक झाली असेल."

"तुझी होईल, यांची नाही होणार," ती शांतपणे म्हणाली. डब्यातून तिने एक तपकिरी बटण काढलं. "हे बघ. कोटाचं तिसरं बटण. पडलं तेव्हा म्हणाले, लावून दे. मी म्हटलं, उद्या. रोज उद्या. निवृत्तीच्या समारंभासाठी फोटो काढायला तुझ्याकडे आले ते तसेच, बटणाशिवाय. महिन्याभरात गेले. नऊ वर्षं हे बटण मला खातंय रे. आणि त्या दिवशी कापडावर बघितलंस? कोटाला तिसरं बटण होतं! तिकडे कुणीतरी लावून दिलं त्यांना. म्हणजे माझ्यावर राग नाही."

ते बटण कुणी लावलं हे मला माहीत होतं.

मी लावलं होतं. भाऊजी म्हणाले होते, "बटणाचं काहीतरी कर बुवा, समारंभाचा फोटो आहे." निगेटिव्हवर पेन्सिलीने जिथे काळं करावं तिथे फोटोत उजळ होतं. बारीक टोकाने मी तिथे बटण काढलं होतं. भाऊजी गेले आणि मोठी प्रत करायची राहून गेली. निधनाच्या बातमीसाठी मी फक्त चेहऱ्याचा तुकडा छापून दिला. ते बटण ताईनेच काय, कुणीच कधी बघितलेलं नव्हतं. ते जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या निगेटिव्हवर.

आणि निगेटिव्ह कुठे होत्या? वर्षापूर्वी स्टुडिओ बंद केला तेव्हा अकरा खोकी अडगळ झाली होती. एक गोड बोलणारा गृहस्थ आला, म्हणाला, जुन्या चेहऱ्यांचं प्रदर्शन भरवायचंय. मी खोकी टेम्पोत चढवायला हातसुद्धा लावला. गावातल्या दोन पिढ्यांचे चेहरे त्यात होते. प्रत्येक पाकिटावर माझ्या अक्षरात नाव, साल, आणि माझी सवय म्हणून एखादी टीप: "उजवा डोळा बारीक, डावीकडून घेणे." "दम लागतो, बसवून घेणे." चक्कीवाल्याच्या बापाचा दमा बाबाला माझ्याच अक्षरात मिळाला होता. आणि तो ऐकून माझ्याच अंगावर काटा आला होता!

मग बाकीचंही एकेक करून उलगडलं. स्टुडिओतला माझा कॅमेरा मोठ्या फिल्मचा. निगेटिव्ह चौकोनी, जवळजवळ सहा सेंटिमीटर बाय सहा. तेवढ्याच फिल्मवर तिचा काळ्याचं पांढरं करणारा उलटा छाप घेतला की तयार होते तेवढीच मोठी स्लाइड, नेहमीच्या स्लाइडच्या साडेतीनपट क्षेत्रफळाची. तिला कमी ताणावं लागतं, म्हणून दाणे दिसत नाहीत. उजेड जास्त आत येतो, म्हणून चित्र मरगळत नाही. असल्या स्लाइडसाठी वेगळा, मोठा प्रोजेक्टर मिळतो. मोठी निगेटिव्ह चाळीस वर्षं रोज हातात धरणाऱ्या माणसाच्या डोक्यात, स्लाइडही मोठी असू शकते, एवढी साधी गोष्ट आली नाही. शाळेचं मशीन छोटं होतं, म्हणून माझी अक्कलही तेवढीच.

आणि वलयं? दोन काचांमध्ये फिल्म दाबली की काच आणि फिल्म यांच्यामधल्या हवेच्या पातळ थरामुळे रंगीत वलयं उमटतात. दिव्याने काच तापली की ती हलतात. डार्करूममध्ये या वलयांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. काचेतली स्लाइड फुगत नाही, म्हणून चित्र उडालं नव्हतं. ज्याची मी वाट बघत बसलो ते आलं नाही, आणि जे समोर नाचत होतं ते मी ओळखलं नाही.

ताईला मी सगळं सांगितलं. तिने बटण मुठीत धरलं.

"म्हणजे ते तू काढलंस."

"हो."

"मला तिथे घेऊन चल," ती म्हणाली.

मी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी आधी तिला इन्सुलिन दिलं, जखम बांधली, मग चाकाची खुर्ची मिळवली. दुपारी तीनला आम्ही तिघं गोदामात होतो. ताईने बाबाला विनंती केली, यांना पुन्हा बोलवा. जाणकाराची बहीण, नाही कसं म्हणणार? भाऊजी आले. वलयं आली.

ताईने बटण वर धरलं. "महाराज, यांच्या कोटाचं हे बटण माझ्या डब्यात आहे. मग कोटावर ते कसं?"

पण बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "माउली," तो हसला, "इथे जे तुटतं ते तिकडे जोडलं जातं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी होती.

"तिकडे नाही," मी उभा राहून म्हणालो. "बटण मी काढलंय. पेन्सिलीनं. ही माझी निगेटिव्ह आहे. सगळ्या माझ्याच आहेत."

कुणीतरी मला खाली बस म्हणालं. मी बसलो नाही. पडद्याच्या बाजूने मागे गेलो. तिथे कापडामागच्या खोलीचं दार होतं, कडी आतून नव्हतीच. इतके दिवस कुणी ढकललं नव्हतं, एवढंच. आत प्रदर्शनवाला गृहस्थ घरघरणाऱ्या प्रोजेक्टरशेजारी स्टुलावर बसला होता, आणि त्याच्यामागे माझी अकरा खोकी. मी मागचा माल उतरवायचा दरवाजा सताड उघडला. दुपारचं ऊन आत घुसलं आणि कापडावरचे भाऊजी पुसले गेले.

प्रोजेक्टरमधून काढलेली गरम काच बोटांना चटके देत होती. ती घेऊन मी पुढे आलो. गालांना हाताने फिकट रंग दिलेला, आणि चेहऱ्याभोवती काळा रंग लावून चौकट झाकलेली होती. मी ती काच चक्कीवाल्याच्या हातात दिली, त्याने शेजाऱ्याच्या. स्लाइड रांगेरांगेतून फिरली. बाबा एव्हाना मागच्या दरवाजाकडे सरकत होता. गर्दीतल्या चार हमालांनी त्याला तिथेच अडवून बसवलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

मला वाटलं होतं, लोक मला शाबासकी देतील. चक्कीवाला माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"काका, आम्ही तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "तुम्हालाच विचारलं होतं."



ताईचा पाय वाचला. दोन बोटं गेली. ती लंगडत चालते, आणि तिच्या पायाचा आवाज आला की माझी मान आपोआप खाली जाते. म्हणून हे लिहितोय. बाबांपासून सावध राहा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मी माझ्यासारख्यांपासून सावध राहा म्हणतो. जाणकार माणूस खुर्चीत बसून निकाल द्यायला लागला, की त्याला विचारा: तू मागे जाऊन बघितलंस का? माझ्याही सांगण्यावर जाऊ नका. दोन काचा घ्या, मध्ये फिल्म दाबा, वलयं स्वतः बघा. दार ढकलून बघा. आणि चालू औषध बंद करा असं कुणी म्हणालं, मग तो या जगातला असो की पलीकडचा, तर आधी डॉक्टरकडे जा.

परवा ताई घरी आली. "ती मोठी प्रत राहिली होती ना? आता कर," ती म्हणाली. "बटण पुसून."

मी खोक्यातून ती निगेटिव्ह काढली. कापसावर स्पिरिट घेऊन एकदा हलकेच फिरवलं. पेन्सिल लगेच गेली. प्रत मोठी केली तेव्हा दिसलं, बटणाच्या जागी कोटावर एक तुटका दोरा लोंबत होता. माझ्या बटणाखाली तो नऊ वर्षं झाकलेला होता.

ताईने फोटो उजेडात धरून बघितला आणि दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"हां," ती म्हणाली. "हे आहेत ते."