मर्सेलिनाच्या माथी मारलेली तारीख

ल्यूरिस दुपारी माझ्या दारात आला तेव्हा सोबत वकील होता, आणि वकिलाच्या हातात अंगठ्याच्या शाईची डबी. ती बघूनच माझं डोकं फिरलं.

ल्यूरिस आमच्या साखर कारखान्याच्या वस्तीतला. मीच सुईण होते त्याची. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये पंचविशीच्या आत दोनशे होमरन, म्हणजे थेट कुंपणापारचे फटके, मारणारा पहिला खेळाडू. गेल्या महिन्यात तिकडच्या वर्तमानपत्राने छापलं, की कागदावर त्याचं वय दोन वर्षांनी कमी आहे. विक्रम पुसला गेला. आता फसवणुकीबद्दल वर्षभराची बंदी डोक्यावर होती.

वय कमी होतं हे खरंच. आमच्याकडे मूल जन्मलं की लगेच कोणी कागद करत नाही. शाळेने मागितला की करतात. त्याच्या आईने, मर्सेलिनाने, दोन्ही मुलं एकाच दिवशी नोंदवली. कारकुनाने थोरल्या ल्यूरिसची तारीख धाकट्याला लावली आणि धाकट्याची त्याला. तिला वाचता येत नव्हतं, साक्षीदार म्हणून गेलेल्या मलाही नाही. दोघींनी अंगठे उठवले आणि येताना मजेत तळलेली मासळी खाल्ली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी चर्चच्या वर्गात अक्षरं शिकले आणि दिसेल तो कागद वाचत सुटले. तेव्हा ही चूक सापडली. मर्सेलिना तडक कचेरीत निघाली होती. ल्यूरिसने माझ्यासमोर तिला अडवलं. "आई, अठराच्या पोराकडे अमेरिकेतले खेळाडू निवडणारे ढुंकून बघत नाहीत. मला सोळाचाच राहू दे."

"आजीबाई," वकील म्हणाला, "साधं निवेदन आहे. इथे अंगठा लावा."

"आधी वाचते."

तो हसला. "चष्मा आहे का?"

"चष्मा आहे, आणि त्याच्यामागे डोळेही आहेत. आण इकडे."

लिहिलं होतं: आईने पैशाच्या लोभाने जाणूनबुजून खोटी तारीख दिली, मुलाला काहीच ठाऊक नव्हतं.

"हे तू सांगितलंस, ल्यूरिस?"

"आजी, आईला जाऊन चार वर्षं झाली. तिला आता काय फरक पडतो? माझी बंदी टळेल."

"लोभी? तुझ्या बसभाड्यासाठी पहाटेपासून कढईसमोर उभी राहायची ती! ते निवडणारे लोक खेचराचे दात बघावे तसं तुमचं वय बघतात. सोळाचा असला तर मोती, अठराचा असला तर माती. आणि लोभी कोण, तर मर्सेलिना?"

"वर्षभर बसलो तर मी संपलो, आजी."

"संप. पण आईच्या पदराआड लपून नको."

मी निवेदन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. माझं अक्षर सावकाश चालतं. वकील दोनदा घड्याळात बघून गाडीत जाऊन बसला. मी लिहिलं: चूक कारकुनाची. साक्ष माझी. मर्सेलिना दुरुस्त करायला निघाली होती, ल्यूरिसने थांबवलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

"होमरन तरी माझेच होते ना?" त्याने विचारलं.

"तुझेच. चेंडू काही वय विचारून कुंपणापार जात नाही. आता खाली सही कर."

त्याने पेन हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या तिकडच्या वर्तमानपत्राचा माणूस चौकशीला आला. मी तो कागद माझ्या एकटीच्या सहीने दिला.